शेवटच्या पानावर मुलगी नाही

ताई, नमस्कार.

जूनमध्ये आम्ही देवरुखजवळच्या गावातून ठाण्याला राहायला आलो. मिस्टरांची नोकरी इथली, आजवर ते एकटेच राहायचे. गावी कौलारू घर आणि मागं परडं होतं, इथं सातव्या मजल्यावर दोन खोल्या. मुलगी सात वर्षांची, दुसरीत आहे. गावी दिवसभर बाहेर असायची, इथं खाली खेळायला जा म्हटलं तर जात नाही.

माझ्या बहिणीनं तिला एक चित्रांचं पुस्तक दिलं. त्यातली मुलगी नव्या घरी येते, तिला कोणी मैत्रीण नसते, मग ती रानातल्या पक्ष्यांशी मैत्री करते. पक्षी तिच्या तळहातावर बसून दाणे खातात आणि ते बघून शेजारची मुलं तिच्याशी खेळायला येतात. हिनं ते पुस्तक पाठच केलं आणि खिडकीच्या ग्रिलवर पोळीचे तुकडे, फरसाण, शिळा भात ठेवायला लागली. आली ती कबुतरं! सहाव्या मजल्यावरच्या काकूंनी सोसायटीत तक्रार केली. मिस्टरांनी जाळी लावायची ठरवली तर हिनं दोन दिवस रडून काढले. आता ते म्हणतात, पिंजरा आणून पोपट किंवा लव्हबर्ड घेऊ.

मधल्या काळात ती जुन्या डायरीत स्वतःचं पुस्तक काढतेय. शेवटच्या पानावर सगळे पक्षी आमच्या गावच्या घराच्या कौलांवर परत जाऊन बसलेत आणि मुलगी कुठंच नाही. ते बघून माझ्या पोटात गोळाच आला. शेवट बदल असं तिला सांगू का? आनंदी शेवट करून पुस्तक नीट छापून घेतलं तर तिचा आत्मविश्वास वाढेल का? कबुतरांशिवाय एक कावळा मात्र रोज सकाळी सव्वासातला येतो, पोळी नसली तरी.

— एक आई, ठाणे

*

शेवट बदलायला सांगू नका. हे आधीच सांगून टाकते, कारण माझं बाकीचं पुराण वाचून होईपर्यंत तुम्ही खोडरबर घेऊन बसलेल्या असाल. मुलीचं नाव तुम्ही पत्रात लिहिलंय, पण इथं मी तिला चिमी म्हणते.

माझी एक चूक सांगते. मी २८ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. नोकरीच्या सुरुवातीला पहिलीतल्या एका मुलानं कावळा निळा रंगवला होता. मी लाल पेनानं शेजारी लिहिलं, 'कावळा काळा असतो.' त्यानंतर वर्षभर तो मुलगा चित्रकलेच्या तासाला दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि एक झोपडी काढत राहिला. सगळा वर्ग काढायचा तेच. पुढं बऱ्याच वर्षांनी गच्चीवर पापड वाळत घालताना टाकीवर बसलेला कावळा मी हाताच्या अंतरावरून पाहिला. ऊन पडलं होतं आणि त्याच्या पंखांवर चक्क निळी-जांभळी झाक होती. पोरगं बघून काढत होतं आणि मी न बघता तपासत होते.

म्हणून चिमीच्या शेवटच्या पानाबद्दल जरा सबुरीनं घेऊ. मुलगी कुठंच नाही म्हणजे आपली मुलगी मनानं हरवतेय, असा अर्थ तुम्ही लावलात. असेलही तसं. पण लग्नाच्या अल्बममध्ये फोटोग्राफर कधी दिसतो का? कौलांवर बसलेले पक्षी कोणाला तरी दिसताहेत म्हणून ते पान आहे. ते बघणारी पानाबाहेर उभी आहे. चित्रपुस्तकात ही युक्ती मोठेमोठे चित्रकार मुद्दाम वापरतात: शब्द एक सांगतात आणि चित्र त्यातलं काहीतरी झाकून ठेवतं किंवा जास्तीचं दाखवतं. तुमच्या लेकीला ते न शिकवता जमलं असेल, तर निदान विचारून तरी बघा. 'तू दुःखी आहेस का गं?' असं नका विचारू, त्यावर कुठलंही मूल 'नाही' म्हणतं आणि पान उलटतं. 'हे सगळं कुठून दिसतंय?' असं विचारा. ती 'परड्यातून' म्हणेल, 'विमानातून' म्हणेल, नाहीतर 'मला नाही माहीत' म्हणेल. जे म्हणेल त्यावर 'बरं' म्हणायचं आणि पोहे ढवळायला लागायचं.

आता बहिणीनं दिलेल्या पुस्तकाबद्दल. ते मी वाचलेलं नाही, पण घर बदलणाऱ्या मुलाची आणि पक्ष्यांची गोष्ट या घाटाची पुस्तकं बरीच पाहिली आहेत. वाईट नसतात. फक्त त्यांची एक अडचण असते, ती म्हणजे पानं. छपाईचा मोठा कागद घड्या घालून १६ पानांचा होतो, म्हणून चित्रपुस्तकं बहुतेक वेळा ३२ पानांची असतात. त्यातली पहिली चार-पाच नावागावाची आणि अर्पणपत्रिकेची. उरलेल्यात सामान बांधायचं, टेम्पो यायचा, नवं घर दाखवायचं, एकटेपणा यायचा, पक्षी यायचे, मैत्री व्हायची आणि शेजारची मुलंही यायची. साहजिकच त्या मुलीच्या वाट्याला एकटेपणाची चार पानं येतात. चिमीच्या मागं प्रेसवाला लागलेला नाही. कौलांवर पाऊस वाजत नाही असा तिचा हा पहिला पावसाळा गेला, इथं येऊन चारच महिने झालेत. तिला चाळीस पानं लागली तर लागू देत.

(ती जेवत नसेल, रात्री दचकून उठत असेल, पुन्हा अंथरूण ओलं करायला लागली असेल किंवा शाळेत जायचं म्हटलं की रोज पोट दुखत असेल आणि हे दोन-तीन आठवडे थांबत नसेल, तर माझ्यासारखीला पत्र न लिहिता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही.)

खरं तर घराची आणि पक्ष्यांची गोष्ट आपल्याकडं बोलता न येणाऱ्या बाळालाही भरवताना सांगतात. चिऊचं घर मेणाचं, काऊचं घर शेणाचं, मोठ्ठा पाऊस आला आणि काऊचं घर वाहून गेलं. 'चिऊताई, चिऊताई, दार उघड.' 'थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते.' 'थांब, माझ्या बाळाला तीट लावते.' ही गोष्ट सांगताना आपण सगळे चिऊच्या बाजूनं, घराच्या आत, कोरडे बसलेले असतो. बाहेर भिजत उभा असतो तो काऊ. माझ्या वडिलांच्या दर तीन वर्षांनी बदल्या व्हायच्या. नव्या शाळेच्या पहिल्या दिवशी वर्गाच्या दारात उभी राहिले की मला ही गोष्ट आठवायची आणि चिऊताईचा भयंकर राग यायचा. चिमीच्या खिडकीत नेमका कावळाच का टिकला हे मला ठाऊक नाही, पण टिकला हे मला फार आवडलं.

त्याच्याकडं वळण्याआधी कबुतरांचं उरकते. सहाव्या मजल्यावरच्या काकूंचं काही चुकलेलं नाही. कबुतराची विष्ठा वाळली की तिची पूड हवेत उडते आणि श्वासातून आत जात राहिली तर काहींच्या फुप्फुसांना सूज येते. हा आजार बळावला की फुप्फुसं कायमची निबर होऊ शकतात. दादरचा कबुतरखाना २०२५ च्या ऑगस्टमध्ये ताडपत्रीनं झाकला तेव्हा केवढं रान उठलं, प्रकरण हायकोर्टात गेलं, ते तुम्ही बातम्यांत बघितलंच असेल. त्या वादात शिरत नाही. तुमच्या घरापुरतं एवढंच की ग्रिलवर खाणं ठेवणं आजपासून बंद. पोळी आणि भात पाखराचं पोट भरतात पण त्याला पोसत नाहीत आणि फरसाणातलं मीठ-तेल तर त्याच्या मुळीच कामाचं नाही. चिमणी स्वतः दाणे टिपते, पण पिल्लांच्या चोचीत अळ्या आणि किडेच घालते, हे चिमीला सांगा. 'ईऽऽ' म्हणेल आणि विसरणार नाही.

जाळी लावायची तर लावा, पण ताणून आणि बारीक छिद्रांची. ढिली, फाटलेली जाळी पक्ष्यांच्या पायात अडकते आणि मग सातव्या मजल्यावर लोंबकळणारा पक्षी सोडवायला अग्निशमन दलाला बोलवावं लागतं. तो देखावा चिमीला नको. आणि एका खिडकीचा आतला कठडा तिच्यासाठी मोकळा ठेवा. तिथं एका कुंडीत जास्वंद, एकीत तुळस. जास्वंद फुलली की शिंजीर येण्याची शक्यता चांगली आहे, तोच तो वाकड्या चोचीचा, अंगठ्याएवढा पक्षी. पाणी ठेवायचं असेल तर मातीचं पसरट भांडं, दोन बोटं पाणी, रोज घासून बदललेलं, कारण साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात. पाण्यावर कबुतरं जमायला लागली तर भांडं सरळ उचलायचं, त्यात भावनेचा प्रश्न नाही.

आणि ग्रिल पुसून झालं की चिमीला घेऊन त्या काकूंकडं एकदा जाऊन या. माफी मागायचं नाटक तिच्याकडून करून घेऊ नका. 'आम्ही आता खाणं ठेवत नाही' एवढं तुम्हीच सांगा, गावचे आंबोशीचे चार तुकडे द्या. या इमारतीत तुम्हा दोघींना नावानं ओळखणारं निदान एक माणूस होईल.

आता कावळा. तुम्ही वाक्याच्या शेपटाला जोडून दिलंय, 'पोळी नसली तरी.' पुस्तकातले पक्षी तळहातावर बसतात, कारण चित्रात तळहात छान दिसतो. खरा रानपक्षी माणसापासून आपलं आपलं अंतर राखून असतो आणि ते अंतर तोच ठरवतो. तुम्ही खिडकीत असताना तो पंख साफ करत बसला, शेपूट झटकून आळस देत बसला, तर ती त्याच्याकडून झालेली ओळख. हातावर येणं ही बहुतेक वेळा नुसती भूक असते.

आणि कावळा ओळखतो. अमेरिकेत सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ या प्राध्यापकांनी २००६ मध्ये एक विशिष्ट मुखवटा घालून काही कावळे पकडले आणि सोडून दिले. पुढं कित्येक वर्षं तो मुखवटा घालून कोणीही आवारातून गेलं की कावळे डोक्यावर घिरट्या घालत ओरडत राहिले. जे कधी पकडले गेलेच नव्हते असे कावळेही त्यात सामील झाले. ते कावळे वेगळ्या जातीचे, पण आपल्या कावळ्याचे चुलतभाऊच. शिवाय दहाव्याला पान मांडून त्याची वाट बघत बसणाऱ्या आपल्या लोकांना त्याचा चोखंदळपणा मी काय सांगावा!

तर चिमीला एक काम द्या. रोज सात वाजून दहा मिनिटांनी, त्याच खिडकीत, त्याच स्टुलावर, शक्यतो न हलता बसायचं. हातात खाणं नाही. तो किती वाजता आला, कुठल्या बाजूनं आला, एकटा होता का, चोचीत काही होतं का, एवढं डायरीत टिपायचं. लिहायचा कंटाळा आला तर चित्र. शाळेची घाई असते हे मला कळतं, पण केस विंचरतानाही एक डोळा खिडकीवर ठेवता येतो. काडी घेऊन जाताना दिसला तर मोठीच बातमी. मग ती विचारेल, तो राहतो कुठं? तेव्हा तिला खरं ते सांगा. घरटं हे पक्ष्याचं घर नसतं. ती बाळंतिणीची खोली. अंडी घालायची, पिल्लं उडती झाली की सोडून द्यायची. एरवी कावळे संध्याकाळी एखाद्या मोठ्या झाडावर थव्यानं जमून तिथंच झोपतात. कावळ्यांच्या वसाहतीला मारुती चितमपल्लींनी 'काकागार' असा देखणा शब्द दिलाय, तोही तिला द्या. या माहितीनं तिच्या शेवटच्या पानावरचं चित्र चूक ठरतं, असं मात्र चुकूनही सुचवू नका. तिचे पक्षी कौलांवर बसलेत, घरट्यात नाहीत. तिनं बरोबरच काढलंय.

पिंजऱ्याचं उत्तर सोपं आहे. आपला देशी पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, घरोघरी पिंजरे दिसत असले तरी. लव्हबर्ड आफ्रिकेतले, त्यांची गोष्ट कायद्यानं वेगळी आहे, पण तुमच्या मिस्टरांना विचारा की आपलं गाव सोडावं लागलेल्या मुलीला समजूत म्हणून जो पक्षी द्यायचा, तो दाराला कडी लावून द्यायचा का? मी जरा टोचून लिहितेय, ते मलाही कळतंय. त्यांचा हेतू चांगला आहे. इतकी वर्षं एकट्यानं काढल्यावर घरात आलेल्या लेकीला लगेच काहीतरी आणून द्यावंसं वाटणारच. त्यांना म्हणावं, दुर्बीण आणा. साधी चालेल. आणि रविवारी सकाळी बाप-लेकीनं ती घेऊन खाली उतरायचं.

'खाली जाऊन खेळ' हे वाक्य काही दिवस बंद ठेवा. खाली जायला मुलांना निमित्त लागतं आणि अनोळखी घोळक्यात घुसणं हे निमित्त होऊ शकत नाही. 'भारद्वाज दिसतो का बघून येऊ' हे होऊ शकतं. कंपाउंडच्या कडेच्या झुडपांत बुलबुल असतो, गेटपाशी दयाळ शेपटी वर करून बसतो, उंच झाडावरून तांबट टुक-टुक करत राहतो. गावी यातले निम्मे तिनं बघितलेले असणार, ओळखीचं माणूस बाजारात भेटावं तसे भेटतील. आत्ता ऑक्टोबरात तर मोकळ्या मैदानावर धोबी उतरायला लागलेले असतील, शेपटी खालीवर हलवत पळणारे. ते हिमालयाकडून आणि त्याच्याही पलीकडून येतात, हिवाळा इथं काढतात आणि उन्हाळा लागला की परत जातात. ठाण्याच्या खाडीत थोड्या दिवसांनी रोहितांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, थवे येतील; २०१५ पासून तिथं त्यांच्यासाठी अभयारण्य आहे आणि ऐरोलीहून बोटीनं जाऊन ते बघता येतात. गर्दी असते, आधी चौकशी करून जा. ५ ते १२ नोव्हेंबर महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. पाच तारीख चितमपल्लींच्या जन्मदिवसाची आणि बारा सालिम अलींची. त्या आठवड्यात बरेच निसर्गप्रेमी गट सकाळचे फेरफटके काढतात. तिथं एखादं तिच्याएवढं पोर हमखास असतं, आईनं झोपेतून उठवून आणलेलं आणि वैतागलेलं. अशा पोरांची आपसात चटकन जमते. नाही जमली तर नाही.

राहिलं पुस्तक छापायचं. नका छापू. छापायचं म्हटलं की कोणीतरी शुद्धलेखन सुधारणार, कोणीतरी कौलं सरळ रेषेत काढणार आणि शेवटी आत्याला दाखवायची वस्तू तयार होणार. त्यापेक्षा तिला पुस्तक बांधायला शिकवा. ए-फोरचे आठ कागद एकात एक ठेवून मधोमध दुमडले की बरोबर ३२ पानं होतात, दुकानातल्या पुस्तकाइतकीच. घडीवर दाभणानं तीन भोकं पाडायची, तुम्ही पाडा, आणि गोधडी शिवायच्या जाड दोऱ्यानं टाके घालायचे, ते तिला घालू द्या. वाकडे आले तर वाकडे. जुन्या दिनदर्शिकेचं जाड पान कव्हराला. डायरीतली चित्रं त्यात पुन्हा काढायची की कापून चिकटवायची की दुसरीच काढायची, तिचं तिनं ठरवावं. डायरीतल्या गोष्टीपुढं पानं उरली तर ती कोरी राहू देत, त्यावर 'पुढं काय झालं?' म्हणून तिच्या मागं लागायचं नाही. एक झेरॉक्स काढून गावी आजीला पाठवा. आजीला म्हणावं, वाचून झालं की फोन करून फक्त एवढंच सांग, सध्या कौलांवर कोण कोण येऊन बसतंय.

आणि माझं एक काम कराल का? कावळा रोज येतो म्हणालात, पण कुठला ते लिहिलं नाहीत. मान राखाडी असेल तर गावकावळा, सगळाच काळा आणि चोच दणकट असेल तर डोमकावळा. तुम्ही बघू नका, चिमीला विचारून कळवा.